सुंडबॉर्नचे लाल घर

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपली वडीलधारी माणसे सांगून गेली आहेत. ह्या म्हणीत खर्चाचा आणि दगदगीचा इशारा आहे खरा. पण ज्याने एकदा गवंड्या-सुतारांच्या मागे हिंडून घर उभे केले आहे त्याला ती म्हण अर्धीच वाटते. घर बांधून झाले म्हणजे पुरे झाले, असे कधी होतच नाही. भिंती चार महिन्यांत उभ्या राहतात. त्या भिंतींच्या आत घर यावयाला वर्षे लागतात. दिवाळी तोंडावर आली की ह्याचा प्रत्यय घरोघर येतो. माळ्यावरची अडगळ खाली उतरते, भिंतींवरून रंगाचा हात फिरतो, पडदे कसले लावावेत आणि आरामखुर्ची खिडकीशी ठेवावी की कोपऱ्यात, ह्यावर वाद रंगतात. मग फराळाला आलेला पाहुणा चहूकडे नजर टाकून घरधन्याला म्हणतो, “वा! घर छान ठेवले आहे हो तुम्ही!” घरधनी संकोचून हसतो. ज्या हातांनी ते घर ठेवलेले असते ते हात त्या वेळी बहुधा स्वयंपाकघरात चकल्या काढीत असतात.

ह्या दिवाळीला वाचकांना मी एका फार दूरच्या घराची हकीकत सांगणार आहे. ते घर आहे स्वीडन देशात, खेड्यात, नदीकाठी. आहे लाकडाचे, दुमजली, शेतकऱ्याच्या घरासारखे साधे. त्यात ना संगमरवर, ना सोन्याचा मुलामा. तरीही गेली सव्वाशे वर्षे ते युरोपात आदर्श घर म्हणून नावाजले गेले आहे, आणि त्याची चित्रे जगभर लोकांनी आपल्या भिंतींवर टांगली आहेत. ते घर एका चित्रकाराचे म्हणून प्रसिद्ध झाले. वास्तविक ते दोघा चित्रकारांचे होते. त्यांतली दुसरी व्यक्ती चित्रात सदैव दिसत होती, पण तिचे नाव पुढे यावयाला शतक जावे लागले. ह्या घराची खरी कथा ती हीच.

स्टॉकहोमपासून वायव्येला दोनशेहून अधिक किलोमीटरवर फालून नावाचे गाव आहे. हा मुलूख डालार्ना प्रांताचा. फालूनला तांब्याची मोठी खाण होती. सतराव्या शतकात युरोपला लागणाऱ्या तांब्याचा फार मोठा वाटा ह्या एका खाणीतून जाई. ती १९९२ साली बंद झाली. ह्या खाणीने स्वीडनला तांब्याबरोबर आणखी एक देणगी दिली. ती म्हणजे तांबडा रंग. खाणीतल्या टाकाऊ मातीत लोहाचा अंश असतो. ती भाजून, दळून, राईच्या पिठाची खळ आणि जवसाचे तेल घालून शिजवली म्हणजे लाकडाला लावण्याजोगा स्वस्त आणि टिकाऊ रंग तयार होतो. श्रीमंतांचे वाडे विटांचे. गरिबाचे घर लाकडी ओंडक्यांचे. पण तांबडा हात मारला की दुरून ओंडक्यांचे घरही विटांच्या वाड्यासारखे दिसे! पुढे नक्कल विसरली गेली आणि तो रंग शेतकऱ्याच्या घराचीच खूण होऊन बसला. आज स्वीडनच्या रानावनांतून जी लाल घरे दिसतात त्यांच्या रंगाचे माहेर हे फालून.

फालूनपासून तेरा-चौदा किलोमीटरवर सुंडबॉर्न नावाचे खेडे आहे. तेथे नदीच्या वळणावर ‘लिला हिट्नेस’ नावाचे एक लहानसे ओंडक्यांचे घर होते. नावाचा अर्थ, भट्टीजवळचे छोटे टोक. पूर्वी तेथे धातू गाळण्याची भट्टी असे, आणि गाळून उरलेल्या काळ्या कीटाच्या ढिगावरच घर उभे होते. त्या घरात आडोल्फ बेर्ग्यो नावाच्या व्यापाऱ्याच्या नात्यातल्या वृद्ध स्त्रिया राहत असत. १८८८ साली बेर्ग्योने ते घर आपली मुलगी कारिन आणि जावई कार्ल लार्सन ह्यांना देऊन टाकले. जावई चित्रकार, कमाई बेताची, पदरी मुले. सासऱ्याने दिलेले हे घर म्हणजे उन्हाळ्यात चार दिवस राहण्यापुरता आसरा, एवढाच त्या वेळी त्याचा अर्थ होता.

जावई कोण आणि कुठला, हे कळल्यावाचून त्या घराचा अर्थ कळावयाचा नाही. कार्ल लार्सन १८५३ साली स्टॉकहोमच्या जुन्या पेठेत जन्मला. घरी अठराविश्वे दारिद्र्य. आई लोकांचे कपडे धुऊन पोट भरी. बाप कामाला टिकत नसे, दारूला मात्र टिकून होता. एकेका खोलीत तीन तीन कुटुंबे कोंबलेली, खाली घाण, वर भांडणे, अशा चाळवजा वस्तीत त्याचे बालपण गेले. तू जन्मलास तो दिवस काळा, अशा अर्थाचे शब्द बापाच्या तोंडून त्याने ऐकले आणि ते आयुष्यभर त्याच्या मनातून गेले नाहीत. गरिबांच्या शाळेतल्या एका मास्तरांना मुलाच्या बोटांतले कसब दिसले आणि त्यांच्या आग्रहाने वयाच्या तेराव्या वर्षी तो कला-अकादमीच्या पूर्वतयारीच्या वर्गात दाखल झाला. पुढे नियतकालिकांसाठी व्यंगचित्रे काढून, छायाचित्रांवर हात फिरवून त्याने स्वतःचे आणि आईबापांचेही पोट भरले. १८७७ मध्ये तो पॅरिसला गेला. तेथे मोठमोठी तैलचित्रे काढून नाव मिळवण्याची त्याची धडपड फसत गेली आणि मनाला काळोखी आली.

कारिन बेर्ग्योची गोष्ट अगदी उलट. तिचा जन्म १८५९ चा. घर खाऊनपिऊन सुखी, बाप उद्योगी, मुलीला शिकू देणारा. तिने स्टॉकहोमच्या कला-अकादमीत पाच वर्षे चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि मग तीही फ्रान्सला गेली. एकोणिसाव्या शतकात एखाद्या मुलीने चित्रकार होण्यासाठी परदेशी जावे ही स्वीडनमध्येही लहान गोष्ट नव्हती. पॅरिसजवळ ग्रे नावाच्या खेड्यात स्कॅन्डिनेव्हियन चित्रकारांचा तळ पडला होता. तेथे १८८२ साली कार्ल आणि कारिन ह्यांची गाठ पडली. पुढच्या वर्षी लग्न झाले. ग्रेमध्ये कार्लने अवजड तैलरंग बाजूला ठेवून जलरंग हाती घेतले आणि त्याची चित्रे एकदम उजळली. त्याच सुमारास कारिनचे रंग मात्र मिटत चालले होते. १८८४ मध्ये थोरली मुलगी सुझान झाली. त्यानंतर उल्फ, पाँतुस, लिस्बेथ, ब्रिटा, मात्स, केर्स्टी आणि १९०० साली शेंडेफळ एस्ब्यॉर्न, अशी आठ मुले सोळा वर्षांत झाली. एका घरात एकच चित्रकार असावा आणि तो पुरुष असावा, ही त्या काळची रीत. कारिनने चित्रे काढणे जवळजवळ थांबवले. तिने हात मात्र थांबवला नाही.

लिला हिट्नेस हाती आले तेव्हा ते अगदी बुटके आणि अंधारे होते. दोघांनी ते पाडून नवे बांधले नाही. तेवढा पैसा नव्हताच. त्यांनी ते वाढवले, आणि तेही एखादे झाड वाढावे तसे. मुले वाढली की खोली वाढली, चित्र विकले गेले की भिंत पुढे सरकली. १८९० साली कार्लसाठी चित्रशाळा जोडली गेली. ती अपुरी पडू लागली तेव्हा १९०० च्या सुमारास आणखी मोठी चित्रशाळा उभी राहिली, आणि जुनी चित्रशाळा घरच्यांच्या कामाची खोली झाली; तेथे कारिनचे माग आले. घराचा नकाशा आधी कुणी कागदावर आखला नव्हता. गावातले सुतार, लोहार आणि गवंडी हेच त्याचे कारागीर. परिणाम असा झाला, की घराला सरळ रेषेत असे काही राहिलेच नाही. एका खोलीतून दुसरीत जाताना दोन पायऱ्या चढाव्यात, अनपेक्षित ठिकाणी एखादी खिडकी लागावी, असे ते घर आहे. खाली जेवणघर, बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि कामाच्या खोल्या. वरच्या मजल्यावर निजण्याच्या खोल्या. कार्लच्या खोलीत पलंग भिंतीला लावलेला नसून मधोमध आहे, भोवती पांढरे पडदे. शेजारची खोली कारिनची आणि धाकट्या मुलांची.

आता सजावटीकडे वळू. त्या काळी युरोपातल्या प्रतिष्ठित घरांची तऱ्हा कशी होती ते ध्यानात घेतले पाहिजे. दिवाणखान्यात काळपट लाकडाचे कोरीव आणि अवाढव्य सामान. खिडक्यांवर एकावर एक मखमलीचे जाड पडदे. त्या पडद्यांना झालरी, झालरींना गोंडे. टेबलावर टेबलक्लॉथ, त्यावर आणखी एक. सामान जितके जड तितकी अब्रू जड, असा हिशेब. बैठकीची खोली पाहुण्यांसाठी राखून ठेवावयाची आणि मुलांना तेथे पाऊल टाकू द्यावयाचे नाही! ज्या देशात डिसेंबरच्या मध्यास दिवस जेमतेम सहा तासांचा असतो तेथे लोक पैसे मोजून उजेड घराबाहेर ठेवीत होते, हे नवल नव्हे काय?

लार्सन दांपत्याने हा सारा हिशेब उलटा केला. त्यांनी खिडक्या मोकळ्या सोडल्या. मखमल काढली, तिच्या जागी वर एक कापडी पट्टी आणि खाली खिडकीच्या कट्ट्यावर फुलझाडांच्या कुंड्या. बैठकीच्या खोलीत अठराव्या शतकाच्या धाटणीच्या हलक्या खुर्च्या आल्या. ह्या खुर्च्या तेव्हा जुनाट म्हणून अडगळीत पडल्या होत्या. त्या स्वच्छ पांढऱ्या रंगवून, त्यांना निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे कापड चढवले. जमिनीवर गालिचा नाही. चिंध्या विणून केलेल्या लांब पट्ट्या अंथरल्या, तशा खेड्यातल्या शेतकरणी विणीत. खिडकीपाशी जमीन हातभर उंच करून, कठडा घालून एक ओटा केला. तेथे बसून शिवावे, वाचावे, नदी पाहावी. जेवणघर मात्र लाल आणि हिरव्या रंगात न्हालेले. शेतकऱ्याच्या पेटीवर जसे भडक, प्रामाणिक रंग असतात तसे हे रंग. पण त्यांना कुठे आवरावे हे शिकलेल्या डोळ्यांनी ठरवलेले. दरवाजांच्या फळ्यांवर कार्लने घरच्या माणसांची चित्रे रंगवली. दारावर येणाऱ्याचे स्वागत करणारी ओळ लिहिली, आणि त्या ओळीत आपल्याबरोबर आपल्या बायकोलाही घातले. मुख्य म्हणजे ह्या घरात पाहुण्यांची खोली आणि घरच्यांची खोली असा भेद उरला नाही. प्रत्येक खोली वापरण्यासाठी होती, आणि मुले सगळीकडे होती.

ही योजना कुणाची? रंगांचा आणि दरवाजांवरच्या चित्रांचा मोठा वाटा कार्लचा, ह्यात शंका नाही. पण घरात हाताला जे जे लागते, ज्यावर बसावे, जे पांघरावे, ज्यावर ताट ठेवावे, ते बहुतेक कारिनच्या कल्पनेतून आले. चित्रशाळेच्या दाराआड राहून गेलेली चित्रकर्ती मागावर बसली होती. पडदे, उशांचे अभ्रे, टेबलावरची वस्त्रे, पलंगपोस हे सारे तिने स्वतः आखले आणि विणले, भरले किंवा विणून घेतले. ह्या कामात ती जुन्या नमुन्यांची नक्कल करीत बसली नाही. डालार्नाच्या खेड्यांतले विणकाम तिने पाहिले, जपानी छापील चित्रांतली मोकळी रेषा पाहिली, आणि त्यातून काही तिसरेच काढले. जेवणघरात बाकामागच्या भिंतीवर तिने १९०३ साली विणलेला ‘चार महाभूते’ नावाचा पट आहे. पृथ्वी, आप, तेज, वायू एवढेच त्यात आहे आणि तेही ओळखीच्या आकारांत नव्हे, तर रंगांच्या धिटाईने मांडलेल्या खुणांत. आकृती सोडून नुसत्या आकारांकडे जाणारी चित्रे युरोपातल्या चित्रशाळांत पुढे काही वर्षांनी गाजू लागली. सुंडबॉर्नच्या जेवणघरात तसे काही आधीच लोंबत होते आणि त्याखाली बसून मुले जेवीत होती. नवऱ्याच्या आणि आपल्या खोलीच्या मधल्या दारासाठी तिने एक पडदा विणला. त्याचे नाव ‘प्रेमाचे गुलाब’.

सामानाचीही तीच गोष्ट. तिने आखलेली झुलती खुर्ची १९०६ च्या सुमाराची. तीत नक्षीचे नाव नाही. नुसत्या सरळ पट्ट्या आणि चौकटी. फुलांच्या कुंड्या ठेवण्याची तिची घडवंची पाहा, तीही तशीच. आज कोणत्याही नव्या दुकानात अशी वस्तू दिसली तर कुणी वळून पाहणार नाही; इतका तो साधेपणा आता सर्वांचा झाला आहे. परंतु गोंडे आणि झालरींच्या त्या काळात गावच्या सुताराला ती खुर्ची किती चमत्कारिक वाटली असेल! स्वतःचे आणि मुलींचे कपडेही कारिनने तशाच बेताने शिवले. कंबर आवळणारे पोशाख टाकून तिने सैल, वरपासून खालपर्यंत सरळ सुटणारे अंगरखे घातले आणि त्यांवर ऐसपैस एप्रन. वारंवार दिवस जाणाऱ्या आणि दिवसभर कामात वाकणाऱ्या बाईला दुसरे काय परवडणार? पण जे परवडते ते सुंदरही असले पाहिजे, हा तिचा हट्ट होता.

ह्या घराची कीर्ती जगाला कशी कळली, त्याचीही एक मौजेची कथा आहे. १८९४ च्या उन्हाळ्यात सुंडबॉर्नला पावसाने ठाण मांडले. बाहेर जाऊन देखावे रंगवावेत तर पाऊस उघडेना. कार्ल घरातल्या घरात चिडचिड करीत येरझारा घालू लागला. तेव्हा कारिन म्हणाली, की बाहेर जाता येत नाही तर घराचीच चित्रे काढा. कार्लने जलरंग उघडले आणि समोर दिसेल ते रंगवावयास सुरुवात केली. ह्याच चित्रमालेत एक फार लोभस चित्र आहे. पाँतुसने जेवताना काही खोडी केली म्हणून त्याला पंक्तीतून उठवले. थोड्या वेळाने बाप बैठकीच्या खोलीत गेला तो चिरंजीव कोपऱ्यातल्या खुर्चीवर गाल फुगवून बसलेले! त्याला पाहून बापाला राग आठवण्याऐवजी चित्र आठवले. त्या चित्रात निळ्या-पांढऱ्या खुर्च्या आहेत, चिंध्यांची पट्टी आहे, खोलीभर ऊन आहे आणि एक रुसलेले पोर आहे. आणखी एका चित्रात स्वयंपाकघर आहे. थोरली मुलगी उंच लाकडी भांड्यात दांडा वरखाली करून लोणी काढते आहे आणि धाकटी जवळ उभी आहे. आपल्याकडच्या ज्या वाचकांनी पहाटेच्या ताकाची घुसळण ऐकली आहे त्यांना त्या चित्रातला आवाजसुद्धा ऐकू येईल.

ही चित्रे १८९७ साली स्टॉकहोमच्या प्रदर्शनात मांडली गेली आणि १८९९ मध्ये त्यांतली चोवीस ‘एक घर’ ह्या नावाच्या पुस्तकात प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी एलेन की ह्या स्वीडिश विदुषीचे ‘सर्वांसाठी सौंदर्य’ हे पुस्तक निघाले. सौंदर्य ही श्रीमंतांची मिरास नव्हे, मजुराच्या खोलीचाही त्यावर हक्क आहे, हे तिचे सांगणे होते. बाईंनी जे तर्काने मांडले ते लार्सनच्या चित्रांनी डोळ्यांपुढे उभे केले. १९०९ साली जर्मनीत ‘उन्हातले घर’ ह्या नावाने ह्या चित्रांचे स्वस्त पुस्तक निघाले आणि तीन महिन्यांत त्याच्या चाळीस हजार प्रती खपल्या. शहरांतल्या अंधाऱ्या बिऱ्हाडांतून राहणाऱ्या लोकांनी ते पुस्तक उशाशी ठेवले. आपणही भिंतीला पांढरा हात मारू शकतो, मखमल काढून कुंडी ठेवू शकतो, हा धीर त्यांना त्या चित्रांनी दिला.

मधल्या काळात घर निव्वळ उन्हाळ्याचे राहिले नव्हते. १८९७ मध्ये लार्सनने जवळच ‘स्पाडार्वेट’ नावाचे शेत आणि त्यावरचे घर विकत घेतले. गाई, घोडा, डुकरे आली. दूध आणि धान्य घरचे झाले. १९०६ साली त्या शेतावरही त्याने चित्रांचे पुस्तक केले. १९०१ पासून सारे कुटुंब कायमचे सुंडबॉर्नला राहावयास आले. स्टॉकहोमच्या कोंदट वस्तीतला पोर आता कसदार जमिनीचा मालक, भरल्या घराचा कर्ता झाला होता. त्याने रंगवलेल्या त्या लख्ख उन्हाकडे पाहताना ही गोष्ट विसरता कामा नये. ज्याला घर मिळाले नव्हते त्याने रंगवलेले ते घर आहे. सुखवस्तू माणसाला आपल्या घरातले ऊन सहसा दिसत नाही. ते दिसावयाला आधी अंधार पाहिलेला असावा लागतो.

आणि अंधार पुरता गेला होता असेही नाही. मात्स तान्हेपणीच गेला होता. १९०५ साली थोरला मुलगा उल्फ अठराव्या वर्षी आंत्रपुच्छाच्या दुखण्याने दगावला. त्या घटनेनंतर कार्ल पहिल्यासारखा राहिला नाही. मनाचे जुने दुखणे अधूनमधून डोके वर काढीच. आता ते अधिक दिवस मुक्काम करू लागले. स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या जिन्यावरील भिंती त्याने १८९६ मध्ये रंगवल्या होत्या. तेथल्याच उरलेल्या एका भिंतीसाठी ‘मकरसंक्रमणाचा बळी’ हे प्रचंड चित्र त्याने कित्येक वर्षे खपून १९१५ साली पुरे केले. प्रजेच्या सुगीसाठी आत्मार्पण करणारा प्राचीन राजा हा त्या चित्राचा विषय. वाद होऊन चित्र अखेर नाकारले गेले. त्या घावातून तो सावरलाच नाही. २२ जानेवारी १९१९ रोजी फालून येथे त्याचा अंत झाला. पुढे ते चित्र एका जपानी संग्राहकाकडे गेले आणि १९९७ साली त्याच संग्रहालयाने ते विकत घेऊन त्याच भिंतीवर लावले! ज्या चित्रांना कार्ल आपले खरे कर्तृत्व समजत होता त्यांची अशी परवड झाली. आणि पावसाळी दिवसांत बायकोच्या सांगण्यावरून सहज काढलेल्या घरच्या चित्रांनी त्याला अमर केले. दैव असे विनोदी असते.

कारिन नवऱ्यामागे नऊ वर्षे जगली आणि १९२८ साली वारली. तिने आठवणी लिहिल्या नाहीत, आपल्या विणकामाची प्रदर्शने भरवीत बसली नाही. कार्लच्या चित्रांत ती पुष्कळदा दिसते. पण बहुधा मान खाली घालून, हातात काहीतरी घेऊन. लोकांनी ती चित्रे पाहिली आणि म्हटले, काय चित्रकार आहे! त्या चित्रांतली खुर्ची, पडदा, पट, मुलीच्या अंगावरचा झगा, हेही कुणी तरी आधी कल्पिलेले आहे हे फार दिवस कुणाच्या ध्यानात आले नाही. कार्लने जे रंगवले ते त्याच्यापुढे कारिनने मांडून ठेवले होते. चित्राचे अर्धे काम त्याने कुंचला उचलण्याआधीच झालेले असे. १९९७ साली लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयाने ह्या घराविषयी मोठे प्रदर्शन भरवले, तेव्हा त्याच्या नावात कार्ल आणि कारिन अशी दोन्ही नावे घातली आणि दोघांना स्वीडिश घरसजावटीचे जनक म्हटले. तोवर कारिनला जाऊन एकोणसत्तर वर्षे झाली होती.

ह्या घराचे वळण किती दूरवर गेले पाहा. फिकट रंगांच्या भिंती, हलके लाकडी सामान, मोकळ्या खिडक्या आणि मुलांना मज्जाव नसलेली बैठकीची खोली ह्यांना आज जग स्वीडिश पद्धत म्हणून ओळखते. १९४३ साली निघालेल्या आयकिया ह्या स्वीडिश कंपनीने ती पद्धत देशोदेशी नेली आणि लार्सनांच्या घराचे ऋण ती आपण होऊन सांगते. २०२० च्या डिसेंबरात तिचे दुकान नवी मुंबईतही उघडले. तेथून एखादी साधी पांढरी खुर्ची घरी आणणाऱ्या ठाण्या-पनवेलच्या गृहिणीला ठाऊक नसेल, पण त्या खुर्चीची एक पणजी सुंडबॉर्नच्या नदीकाठी अजून झुलते आहे.

होय, अजून आहे. मुलांनी आईबापांचे घर विकले नाही, वाटून घेतले नाही. कुटुंबाची मंडळी स्थापून त्यांनी ते जसेच्या तसे राखले. आज जगभरचे लोक ते पाहावयास जातात, आणि लार्सनांची पतवंडे-खापरपतवंडे अजूनही सणासमारंभाला तेथे जमतात. घर संग्रहालय झाले, तरी परके झाले नाही.

वाचकहो, ह्या हकीकतीवरून कुणी आपली बैठकीची खोली लाल-हिरवी रंगवावी असे मला सुचवावयाचे नाही. स्वीडनचे ऊन निराळे, आपले निराळे. त्यांना उजेड आत घ्यावा लागतो. आपल्याला वैशाखात तो बाहेर ठेवावा लागतो. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच. ज्या घरातली खोली राहत्या माणसांसाठी सजते, पाहुण्यांच्या डोळ्यांसाठी नव्हे, ते घर टिकते. आणि दुसरी गोष्ट आपल्या फराळाच्या ताटाशी येऊन पोचते. ह्या दिवाळीत कुणी आपल्या घराची वाखाणणी केली, तर संकोचून हसण्याआधी स्वयंपाकघराकडे वळून एक हाक मारावी आणि ज्यांचे श्रेय त्यांना पाहुण्यांसमक्ष द्यावे. कारिन लार्सनला त्यासाठी शंभर वर्षे थांबावे लागले. आपल्या घरी तेवढा उशीर कशाला?